जमिनीजवळची हवा

दांडी हलकी झाली तशी प्रियदर्शनीनं ओळखलं, आता जमीन आली. तिनं दांडी छातीपासून पुढे न्यायला सुरुवात केली आणि ती रोजच्यासारखी अलगद सरकत गेली, हातांना जोर म्हणून लावावाच लागला नाही. मागची दोन चाकं मुरमाला टेकली, पाठोपाठ पुढचं टेकलं, आणि ते कापडी पंखांचं इवलंसं विमान धावपट्टीवर खडखडत निम्म्यात येऊन थांबलं.

"झक्कास!" मागच्या सीटवरून नानासो ओरडले. "हात मांडीवर हुते बरं का माजे."

हे ते दरवेळी सांगत, आणि दरवेळी तिला ते नव्यानं ऐकायला आवडे. विमान कसलं, तीन चाकांचा उघडा सांगाडाच तो. पुढे शिकणारा, त्याच्या पाठीला गुडघे लावून मागे शिकवणारा, त्याच्याही मागे इंजिन आणि पंखा. डोक्यावरच्या पंखाला एक दांडी लोंबे. ती ओढली की विमान नाक खाली घालून वेग घेई, ढकलली की वेग मोडे. नानासोंसाठी त्याच दांडीला मागे दोन लांब दांडे जोडलेले होते. पण पुढे बसणाऱ्याला मागचं काही दिसत नसे. मास्तरांचे हात कुठे आहेत हे मास्तर सांगतील तेच खरं.

नानासो हवाई दलातून निवृत्त होऊन कोरेगावला परत आलेले. साताऱ्याच्या चार हौशी डॉक्टर-कारखानदारांनी माळावर फ्लाइंग क्लब काढला, तेव्हा शिकवायला त्यांच्याशिवाय दुसरा माणूस जिल्ह्यात नव्हता. प्रियदर्शनीला तिथं कॉलेजच्या एन.सी.सी.नं पाठवलं होतं. तिची वस्ती माळाच्या पायथ्यालाच. वडील कोयनानगरला प्रकल्पावर, घरी ती आणि आई. दिवाळीपासून रोज सकाळी ती चालत वर यायची, आणि तिच्या मागोमाग आई, अंजना, डबा घेऊन. धावपट्टीच्या कडेला एक बाभळ होती, तिच्याखाली अंजना उभी राहायची आणि लेक खाली उतरेपर्यंत जागची हलायची नाही. आई कौतुकानं येते, असं प्रियदर्शनी क्लबात सगळ्यांना सांगे.

हेल्मेट काढून ती खाली उतरली. नानासो पान्यानं चाकाशी काहीतरी करत बसले होते.

"रविवारी पुण्याचे परीक्षक येत्यात," ते म्हणाले. "शौनकला येकट्याला उडायला सोडायचं ठरलंय."

"आणि मला?"

"तुजं संक्रांतीनंतर बघू."

तिला वाटलं, ते थट्टा करतायत. शौनक म्हणजे साताऱ्याच्या डॉक्टरांचा मुलगा, स्वभावानं गोड, पण त्याचं विमान कधी उतरत नसे, टप्पे खात यायचं. नानासो त्याच्या नावानं सगळ्या माळाला ऐकू जाईल असं ओरडत. एकदा तर त्यानं विमान कुसळांत नेऊन घातलं होतं आणि नानासोंनी त्याला आठवडाभर नुसती चाकं पुसायला लावली होती.

"सर, त्याच्यापेक्षा माझी लँडिंग चांगली आहेत."

"चांगलीच हायत गं. न्हाई कोण म्हणतंय?"

"मग?"

नानासोंनी घट्ट असलेला नट सैल केला आणि पुन्हा घट्ट केला. "संक्रांत काय लांब हाय का," ते म्हणाले, आणि पाना घेऊन शेडकडे गेले.

प्रियदर्शनी काही दूधखुळी नव्हती. असं उत्तर तिनं शाळेत ऐकलं होतं, कॉलेजात ऐकलं होतं, परेडला झेंडा कुणी धरायचा यावरून ऐकलं होतं. काम चांगलं असतं, वागणूक चांगली असते, नाही कुणीच म्हणत नाही, फक्त नंबर पुढच्या वेळी असतो. पण या माणसाकडून तिनं ते ऐकलं नव्हतं, आणि म्हणूनच ते तिच्या जिव्हारी लागलं.

कारण नानासो तिच्या घरी जेवले होते.

वरच्या आळीतली माणसं कामानिमित्त वस्तीत येत, दारातल्या खाटेवर बसत, आणि चहाचं विचारलं की न चुकता म्हणत, "नको, आत्ताच झाला." इतका आत्ताच चहा जगात कुठं होत नसेल. नानासोही त्याच आळीतले, पण उडायचं शिक्षण सुरू झालं त्याच आठवड्यात घरात आले, आत येऊन पाटावर बसले, अंजनानं केलेली अंड्याची आमटी भाकरी कुस्करून ओरपली, आणि वर मागून घेतली. प्रियदर्शनी पाणी आणायला म्हणून मागच्या दारी गेली होती, खरं तर डोळे पुसायला. त्या जेवणाची आठवण तिनं जपून ठेवली होती.

ती बाभळीखाली आली. अंजनानं डबा पुढे केला.

"लय झ्याक उतरलीस गं आज."

"मला सोडत नाहीत एकटीला. शौनकला सोडतायत."

"आसू दे की. घाई काय हाय?"

"घाईचं नाही आई. सगळ्यांसारखेच निघाले ते. जेवायला आले, गोड बोलले, आणि वेळ आली तेव्हा आपला तो आपला."

"आगं, तसं न्हाई बोलू." अंजनाचा चेहरा एकदम बदलला. "सर तसलं न्हाईत."

"मग कसले आहेत?"

"ते शब्दाचं हायत." अंजनानं इकडेतिकडे पाहिलं. "त्यांच्यावर जातीचा बोल लावू नगं, पाप लागंल तुला. त्यांनी मला शब्द दिलाय, त्यो ते पाळत्यात. आपल्या घरी जेवाय आलं हुतं त्या दिवशी. तू पाण्याला गेलीस, तवा मी म्हणलं, सर, येक मागते, न्हाई म्हणू नगा. वर तिला कायबी करू द्या, पर जमिनीला लावताना तुमच्या हातानं लावा. ते म्हणलं, ताई, दिला शब्द."

प्रियदर्शनीच्या हातातला डबा तसाच राहिला.

"म्हणजे?"

"म्हंजी रोज तेच उतरवत्यात की. ऐन टायमाला मागनं दांडी धरत्यात. मला हितनं दिसतंय ना. सरांचं हात दांडीला लागलं की माजा जीव भांड्यात पडतो."

माळावर वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी नळा फडफडत होता.

"त्यासाठी येतेस तू रोज?"

"मग कशापायी? सर शब्द पाळत्यात का न्हाई ते बघाय नगं?" अंजनानं तिच्या दंडाला हात लावला. "वर जायाचं मला भ्या न्हाई वाटत. जमिनीचं वाटतंय. कोयनंला ल्हान हुते मी, रातीत जमीन हालली आन् समदं घर अंगावर आलं. तवापासनं जमिनीवर माजा इस्वास न्हाई."

ही गोष्ट प्रियदर्शनीनं लहानपणापासून ऐकली होती आणि दरवेळी तिला आईची दया आली होती. आज आली नाही. तिनं दंड सोडवून घेतला.

दांडी हलकी होते. तिला पहिल्यांदा तसं जाणवलं तेव्हा तिनं नानासोंना विचारलं होतं, आणि त्यांनी समजावून सांगितलं होतं, की जमिनीजवळची हवा दबते, तिची गादी होते, ती विमानाला खालून हात देते, म्हणून दांडी शेवटी आपोआप हलकी लागते. किती आवडलं होतं तिला ते. आपल्याला खालून कुणीतरी हात देतंय, आणि ते कुणी माणूस नाही, नुसती हवा आहे, तिला नाव-गाव विचारायचं ठाऊक नाही. वडिलांना फोनवर तिनं ते सांगितलं होतं. शौनकलाही सांगितलं होतं. तो डोकं खाजवत म्हणाला होता, "हलकी? मला तर शेवटी जास्तच जड लागते. हात भरून येतात." त्या बिचाऱ्याला हवेतलं काही कळत नाही, म्हणून ती मनातल्या मनात हसली होती.

ती शेडपाशी गेली तेव्हा नानासो पिंपावर बसून बिडी ओढत होते. तिला बघून त्यांनी बिडी विझवली. बाभळीखालचं बोलणं त्यांनी लांबून पाहिलं असावं.

"जमिनीजवळची हवा हात देते ना, सर?"

नानासोंनी मान खाली घातली.

"कधीपासून?"

"पयल्यापासनं."

"एकही माझं नाही?"

त्यांनी नकाराची मान हलवली. माणूस खोटं बोलला असता तर बरं, असं तिला त्या क्षणी वाटलं. दोन महिने रोज खोटं बोलणाऱ्याला आजच नेमकं ते जमू नये.

"ताईंनी मागितलं," ते शेवटी म्हणाले. "ताटावर बसलो हुतो. घास हातात. त्या घरात, त्या ताटावर बसून न्हाई कसं म्हणू? म्हणलं असतं तर काय वाटलं असतं त्यांना? आला, जेवला, आन् शेवटी आपल्या वळणावर गेला, आसंच ना? म्हणलं, येक शब्द तर हाय. आन् पुढं मग त्यो मोडायचं धाडस झालं न्हाई. तुला येकटीला सोडायची म्हंजी शब्द मोडायचा. न्हाई सोडायची म्हंजी तुजा घात. संक्रांत, संक्रांत करत बसलो."

"शौनकच्या आईनं असं मागितलं असतं तर?"

नानासोंनी विझलेली बिडी पिंपाखाली टाकली.

"म्हणलं असतं, बाई, पोराला घरी घिऊन जा. हितं आसलं चालत न्हाई."

"मग माझ्या आईला का नाही तसं म्हणालात?"

त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि तळव्यांकडे बघत बसले. प्रियदर्शनीला रडू आलं नाही, संतापच आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना. ज्यांनी चहा नाकारला त्यांनी निदान तिच्यापासून काही काढून नेलं नव्हतं. हा माणूस मागून मागून जेवला आणि उठताना तिचं विमान घेऊन गेला. आणि ते त्याच्या हातात दिलं कुणी, तर आईनं.

"शौनकवर तुम्ही ओरडता," ती म्हणाली. "माझ्यावर एकदाही ओरडला नाहीत. मला वाटायचं, मी हुशार आहे."

"हुशार हायसच."

"ते आता मला कसं कळणार, सर?"

तिनं हेल्मेट उचललं. "चला."

"आत्ता?"

"वारा अजून सरळ आहे. पुढं मी, मागं तुम्ही. आणि हात माझ्या खांद्यावर ठेवायचे, दोन्ही. म्हणजे ते कुठे आहेत ते मला कळेल."

"ताईंला शब्द..."

"तो तुम्ही आणि ती बघून घ्या."

"आन् चुकलीस तर?"

"तर ओरडा. शौनकवर ओरडता तसं."

नानासो उठले. विमानाभोवती एक फेरी मारून त्यांनी तारा, बोल्ट, पंखाची शिवण रोजच्यापेक्षा नीट बघितली. मग मागे बसले. पट्टे आवळून झाल्यावर त्यांचे दोन्ही तळवे तिच्या खांद्यांवर आले, जड आणि गरम. बाभळीखाली अंजना एक पाऊल पुढे आली होती.

वर जाण्यात काही वेगळं नव्हतं. ते तर तिला येतच होतं. जरंडेश्वराचा डोंगर उजवीकडून डावीकडे सरकला, ज्वारीचे पट्टे खाली गेले, वस्तीतली पत्र्याची घरं उन्हात चमकली. वळण घेऊन तिनं नाक धावपट्टीकडे केलं आणि इंजिनाचा जोर कमी केला. एकदम शांतता झाली. तारांचा आवाज ऐकू यायला लागला.

जमीन वर येत होती. ती थांबली, दांडी हलकी होण्याची वाट बघत. दोन महिने तिच्या हातांना तीच एक खूण माहीत होती. ज्वारी गेली, बांध गेला, धावपट्टीची चुन्यानं रंगवलेली कड गेली. दांडी तशीच होती. मुरमातले खडे सुटे दिसायला लागले.

"ढकल!" नानासो कानाशी किंचाळले. "ढकल की! कशाची वाट बघतीस, गाढवे!"

तिनं ढकलली, पण उशीर झाला होता आणि ढकलली तीही भलत्या जोरानं. चाकं दाणकन आपटली, विमान उसळून पुन्हा हवेत गेलं आणि क्षणभर तिथंच लोंबकळलं. खांद्यांवर दहा बोटं रुतली. पण सुटली नाहीत.

"जोर दे! दांडी वढ जरा! सरळ जाऊ दे!"

इंजिन गरजलं. विमान धावपट्टीवरून तसंच पुढे निघालं आणि हळूहळू चढलं.

"पुन्हा," ती म्हणाली. ते तिनं त्यांना सांगितलं की स्वतःला, कोण जाणे.

दुसऱ्या फेरीला तिनं वाट बघितली नाही. चुन्याची कड मागे पडली तशी नजर लांब धावपट्टीच्या टोकाला लावली आणि दांडी पुढे न्यायला लागली. दांडी जड होत गेली. जितकी पुढे न्यावी तितकी जड. शौनक खरं बोलला होता, हात भरून येत होते, कोपर थरथरत होतं, आणि खालून कुणीही हात देत नव्हतं. नानासो आता ओरडत नव्हते. तिनं दंड ताठ होईपर्यंत दांडी रेटली आणि तशीच धरून ठेवली. चाकं लागली, एक लहानशी उडी झाली, पुन्हा लागली आणि लागूनच राहिली. विमान कडेच्या कुसळांकडे तिरकं धावलं. तिनं पायानं सरळ केलं. थांबलं.

इंजिन बंद केलं तरी आपण हसतोय की काय ते तिला कळेना. आजवरच्या सगळ्या सुरेख उतरण्या दुसऱ्याच्या होत्या. ही वेडीवाकडी तेवढी तिची होती. ती कुणाला तरी दाखवावी असं तिला इतकं वाटलं, की सगळा राग घटकाभर बाजूला राहिला आणि तिनं मान वळवून बाभळीकडे बघितलं.

अंजना धावत येत होती. प्रियदर्शनी हेल्मेट काढून उतरली, तोवर नानासो आईला सामोरे गेले होते. त्यांनी आपलं हेल्मेट काढून हातात घेतलं होतं.

"ताई, शब्द मोडला मी," ते म्हणाले. "हात लावला न्हाई. तिनं उतरवलं."

धावून अंजनाला धाप लागली होती. पदराचा बोळा तिच्या मुठीत होता.

"म्या न्हाई बघितलं," ती म्हणाली.

"आई?"

"तुमचं हात तिच्या खांद्यावर दिसलं, आन् म्या डोळं मिटलं. आवाज थांबला तवा उघडलं."

"दोन्ही वेळा?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"व्हय गं."

दिवाळीपासून ही बाई त्या झाडाखाली उभी होती. पापणी न हलवता तिनं नानासोंचं एकेक उतरणं बघितलं होतं, प्रत्येकाला झ्याक म्हणाली होती. प्रियदर्शनीला काहीतरी बोलायचं होतं, पण समोर आईचे पाय अनवाणी होते. धावताना वहाणा कुठंतरी निसटल्या असाव्यात. मुरमानं एक अंगठा फुटला होता.

"कसं झालं?" अंजनानं भीत भीत विचारलं. "नीट झालं न्हवं?"

नानासोंनी तोंड उघडलं.

"तुम्ही सांगू नका, सर," प्रियदर्शनी म्हणाली.

तिनं काढलेलं हेल्मेट पुन्हा घातलं, हनुवटीखालचा पट्टा ओढला आणि पुढच्या सीटवर बसली. नानासो आधी तिच्याकडे, मग अंजनाकडे बघत उभे राहिले. मग हेल्मेट डोक्यावर घालून ते मागे चढले आणि कुणी न सांगता दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवले.

"जा, झाडाखाली जाऊन उभी राहा," ती आईला म्हणाली.

अंजना मागे सरत सरत गेली. विमान खडखडत धावपट्टीच्या टोकाला पोचलं. तिथं तिनं ते वाऱ्याच्या तोंडाला वळवलं आणि जोर देण्याआधी एकदा बाभळीकडे बघितलं. आई उभी होती, चेहरा इकडेच होता. एवढ्या लांबून डोळे उघडे आहेत की मिटलेले, ते काही दिसत नव्हतं.